गिअरबॉक्सचे तेल : कंपनीचे की बाजारातले?

बेळगावच्या टिळकवाडीतील एका निवृत्त गृहस्थांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. डावा गुडघा साथ देईनासा झाल्यामुळे क्लच दाबणे त्यांना अशक्य झाले, म्हणून निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, पळालेली एक लाखाहून अधिक किलोमीटर. दर ३ डिसेंबरला चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जावे आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत यावे, असा त्या कुटुंबाचा नेम. यंदा सणापूर्वी महिनाभर गाडी ताशी साठ-सत्तरच्या वेगात असताना पायाखाली बारीक थरथर जाणवू लागली. रस्त्यावरील आडव्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाके जावीत, तशी. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून कागदावर टाकले. तांबडे असावयाचे ते काळपट तपकिरी निघाले. तेल बदलावयास हवे, याविषयी दुमत नव्हते. मतभेद पुढेच झाला.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, ह्ये तेल सगळ्या गाड्यांना चालतंय बघा. कंपनीच्या डब्यावर नुसतं नाव असतंय, आत तेच."

काकांच्या मुलाचे म्हणणे, पुस्तकात लिहिलेलेच तेल घालावयाचे. त्यात एका थेंबाचाही फरक नको. लिटरमागे काही शे रुपयांचा प्रश्न, पण चुकले तर गिअरबॉक्सची दुरुस्ती लाखाच्या घरात जाते आणि गुडघ्याने अधू झालेला माणूस पुन्हा घरात अडकतो. हा वाद आज असंख्य घरांत होतो आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे खरे, हे कळण्यासाठी त्या तेलाचे काम आधी समजून घ्यावे लागते.

साध्या गिअरबॉक्समधील तेलाला एकच मुख्य काम असते : दात्यांवर दाते घासू नयेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल हे वंगण तर आहेच, परंतु ते यंत्राचा एक अवयवही आहे. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे जे भांडे असते, त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात. एक पंखा इंजिन फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्यावर आदळते आणि दुसरा फिरू लागतो. एका विजेच्या पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला असता वाऱ्याने तो हळूहळू फिरू लागतो, तसेच हे. म्हणजे गाडी सुटताना तिचा सारा भार तेलाच्या प्रवाहावर असतो. त्याच तेलाच्या दाबाने आतील क्लच आवळले व सोडले जातात, म्हणजे गिअर बदलणारा अदृश्य हातही तेलाचाच. त्याच तेलाने उष्णता बाहेर न्यावयाची, रबरी सील मऊ ठेवावयाचे, फेस होऊ द्यावयाचा नाही. आणि या सर्वांहून अवघड काम म्हणजे घर्षणाचे.

वंगणाने घर्षण कमी करावे, हे शाळेतील मूलही सांगेल. येथे मात्र तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना धरून ठेवावयाच्या आहेत. तेल फार निसरडे असेल तर चकत्या घसरत राहतात, तापतात, जळतात. फार पकड देणारे असेल तर गिअर हिसक्याने पडतो. चकत्या सरकत असताना किती घर्षण हवे आणि थांबल्यावर किती, हे प्रमाण गिअरबॉक्स घडवणाऱ्याने चकत्यांचा कागदी पदार्थ निवडतानाच ठरवलेले असते. तेलात अत्यल्प प्रमाणात मिसळलेली घर्षण-नियामक द्रव्ये ते प्रमाण सांभाळतात. तेलाचा तांबडा रंग हा केवळ इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखू यावे म्हणून घातलेला रंग आहे; त्यावरून गुण ठरत नाही. काही तेले हिरवी असतात, काही पिवळसर.

हे सारे एका दिवसात उमगलेले नाही. पूर्णपणे ऑटोमॅटिक असा, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९३९ साली पुढे आला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून विकला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही तो बसवला गेला. युद्धानंतर त्याचा प्रसार इतका झाला की तेलाचे एक प्रमाण ठरवणे भाग पडले. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने 'टाइप ए' हे प्रमाण जाहीर केले. तेल कोणीही बनवावे, चिकागोच्या आर्मर संस्थेकडून तपासून घ्यावे आणि मिळालेला क्रमांक डब्यावर छापून विकावे, अशी ती व्यवस्था होती. गाडी बनवणारा आणि तेल बनवणारा हे वेगळे असण्यात मुळात काही गैर नाही, हे त्या काळीच मान्य झाले होते. क्रमांक मात्र हवा.

घोटाळा झाला तो वाटा फुटल्यावर. १९६७ साली जनरल मोटर्सने 'डेक्सरॉन' हे नवे प्रमाण आणले. त्यात घर्षण-नियामक द्रव्ये होती, गिअर अलगद बदलावेत म्हणून. त्याच वर्षी फोर्डने 'टाइप एफ' आणले. त्यात तशी द्रव्ये नव्हती, कारण फोर्डच्या क्लचना घट्ट पकड हवी होती. दोन्ही तेले तांबडी, दोन्ही पातळ, बोटांवर चोळून पाहिली तर भेद कळू नये. पण फोर्डच्या त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन घातले तर क्लच घसरू लागत आणि उलट केले तर गाडी गचके देई. 'सगळ्या गाड्यांना चालते' या वाक्याला पहिला तडा तेव्हाच गेला.

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळच्या तेलांतील उत्तम घर्षण-नियामक द्रव्य येत असे ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मस्तकातून. अमेरिकेतील रस्त्यांवर गाड्यांचे गिअर अलगद बदलावेत म्हणून महासागरात देवमासे मारले जात होते. १९७० मध्ये स्पर्म व्हेलचा समावेश अमेरिकेने नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत केला, १९७३ चा कायदा आला आणि हे तेल बंद झाले. पर्यायी रसायनांनी केलेल्या नव्या तेलांना स्थिरावण्यास काही वर्षे लागली. जनरल मोटर्सच्या पहिल्या पर्यायी तेलाने रेडिएटरमधील शीतकाच्या सांध्यांना गंज चढू लागला, म्हणून ते पुन्हा सुधारावे लागले. देवमाशाच्या तेलाशी रासायनिक नाते सांगणारे द्रव्य होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांत सापडते. ते झुडूप आज राजस्थानातही लावले जाते. एका डब्यात अर्धा-एक टक्का असणाऱ्या पदार्थाचे महत्त्व एवढे.

आता ज्या प्रकरणाने 'चालेल' या एका शब्दाची किंमत दाखवून दिली, ते पाहावे. १९८९ च्या गाड्यांसाठी क्रायस्लरने 'अल्ट्राड्राइव्ह' अथवा ए-६०४ या नावाचा गिअरबॉक्स काढला. त्यातील क्लच संगणकाच्या हुकमाने आवळले जात आणि संगणक झीज ओळखून आपले हिशेब बदलत असे. त्या काळी ही मोठी झेप होती. कुटुंबांनी आवडीने घेतलेल्या डॉज कॅराव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर या मोठ्या गाड्यांत तो बसवला गेला. या गिअरबॉक्ससाठी क्रायस्लरचे स्वतःचे तेल होते, घर्षणाचे प्रमाण त्याच्यासाठी मुद्दाम ठरवलेले. पण माहितीपुस्तकात, तेल मोजण्याच्या पट्टीवरही, असे म्हटले होते की ते न मिळाल्यास डेक्सरॉन चालेल. गॅरेजवाल्यांपाशी डेक्सरॉनची पिंपे भरलेली. त्यांनी तेच घातले, आणि त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण खुद्द कंपनीचीच परवानगी होती.

परिणाम असा झाला की टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लच धरताना गाड्या थरथरू लागल्या. चकत्या धरायच्या, सुटायच्या, पुन्हा धरायच्या. सेकंदात अनेक वेळा. मालक गॅरेजात येई, गॅरेजवाला तेल बदली, पुन्हा डेक्सरॉनच घाली, आणि रोग औषधानेच वाढावा तसे होई. या गिअरबॉक्सच्या नाशास रचनेतील दोषही कारण होते, सारा दोष तेलाचा नव्हे. परंतु तेलाचा वाटा इतका स्पष्ट दिसला की क्रायस्लरला डेक्सरॉनची ती सवलत काढून टाकावी लागली आणि पुढील दशकात आपले तेल दोनदा सुधारावे लागले. नव्वदीच्या अखेरीस आलेले 'एटीएफ प्लस फोर' हे त्यांपैकी शेवटचे. त्यानंतर क्रायस्लरने आणखी एक गोष्ट केली, आणि ती शहाणपणाची होती. हे तेल चाचण्या उत्तीर्ण होणाऱ्या इतर तेल-कंपन्यांनाही परवान्याने बनवू दिले. आज ते अनेक नावांच्या डब्यांत मिळते, आणि डब्यावर परवाना असेल तर ते बाजारातले असूनही अस्सल असते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग मुलाचेच खरे. कंपनीचेच घालावे आणि मोकळे व्हावे. पण कंपनी सर्वज्ञ नसते. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवागन कंपनीने जगभरातील सुमारे सोळा लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये कारखान्यातच भरलेले कृत्रिम तेल उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत विजेच्या भागांत बिघाड करू शकते, असे आढळून आले होते. उपाय काय? ते आधुनिक तेल काढून साधे खनिज तेल भरणे. कृत्रिम तेल नेहमीच खनिज तेलाहून सरस, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. मुंबई-गोव्याचा पावसाळा आणि पुण्या-हैदराबादची रहदारी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना 'उष्ण, दमट, थांबत-थांबत' हे वर्णन परके वाटणार नाही.

शिवाय गाडीची कंपनी तेल स्वतः गाळत नाही. अनेक जपानी गाड्यांच्या नावाचे डबे इडेमित्सुसारख्या तेल-कंपन्या भरतात. तेलाचा प्राण असलेली रसायने जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. त्यांपैकी लुब्रिझॉलचा एक कारखाना नवी मुंबईत तुर्भे येथे आहे. तेव्हा 'आत तेच' हे गॅरेजवाल्याचे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. कंपनीच्या डब्यातले आणि त्याच तेल-कंपनीच्या डब्यातले तेल एकाच पाककृतीचे असू शकते. मात्र तीच तेल-कंपनी दहा निरनिराळ्या पाककृतींची तेले विकते, हे वाक्याचे उरलेले अर्धे तो सांगावयास विसरतो.

म्हणून डबा वाचता आला पाहिजे. डब्याच्या मागील बाजूस तीन प्रकारची भाषा असते, आणि तीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गाडी वा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने तपासून परवाना दिला असेल तर 'मान्यताप्राप्त' असा उल्लेख आणि बहुधा परवान्याचा क्रमांक असतो. दुसरी भाषा 'अमुक प्रमाणास अनुरूप' अशी. हा तेलवाल्याचा स्वतःचा दावा, कदाचित त्याच्या प्रयोगशाळेतील चाचणीवर आधारलेला. तिसरी भाषा 'पुढील गाड्यांत वापरण्यास योग्य' अशी, आणि तिच्याखाली पन्नास नावांची यादी. ती जबाबदारी कोणाची, याचे उत्तर डब्यावर सापडत नाही. डेक्सरॉनचीच गोष्ट घ्यावी. २००५ मध्ये डेक्सरॉन सहावे आले आणि तिसऱ्या डेक्सरॉनचे परवाने २००६ च्या अखेरीस संपले. त्यानंतर ते नाव सांगून विकल्या जाणाऱ्या तेलामागे जनरल मोटर्सची तपासणी उरलेली नाही. दुकानात मात्र ते नाव अजूनही सर्रास दिसते.

पन्नास नावांच्या यादीविषयी शंका घेण्यास आणखी एक ठोस कारण आहे, ते दाटपणाचे. टोयोटाचे जुने 'टाइप टी-फोर' तेल शंभर अंश सेल्सियसला सुमारे सात सेंटिस्टोक दाट असते. नंतरचे 'डब्ल्यूएस' सुमारे साडेपाच. इंधन वाचावे म्हणून नवी तेले पातळ केली गेली आणि त्या पातळपणास धरूनच आतील पंप, झडपा व फटी आखल्या गेल्या. आता एकच तेल दोन्हींना 'योग्य' म्हणून विकले जात असेल, तर ते सातही असू शकत नाही आणि साडेपाचही. ते दोहोंपैकी एकाच्या जवळ असणार किंवा मध्येच कुठेतरी. गाडी त्यावर चालेल, कदाचित पुष्कळ दिवस चालेल. सर्वांना चालणारे तेल म्हणजे सर्वांसाठी केलेली तडजोड, आणि ती आपल्या गाडीच्या बाजूने झाली आहे की नाही, हे मालकास कळण्याचा मार्ग नाही.

भारतात तर याहून प्राथमिक घोटाळा आहे. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली येथे चार वेगळी यंत्रे विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स त्यांपैकी एक. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये आवळून धरलेला असतो. तेथे धातूवर धातूची पकड टिकवणारे वेगळेच तेल लागते, आणि साधे एटीएफ घातल्यास पट्टा घसरून यंत्राचा नाश होतो. दोन क्लचचा गिअरबॉक्स तिसरा. आणि २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून सर्वसामान्यांच्या घरी आलेला एएमटी हा चौथा. तो मुळात साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. त्यात गिअरचे साधे तेलच असते. गॅरेजात शिरून 'ऑटोमॅटिकचे तेल द्या' म्हणणे, हे औषधाच्या दुकानात जाऊन 'तापाचे औषध द्या' म्हणण्यापेक्षाही धोक्याचे.

हमीच्या भीतीविषयी थोडेसे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, कंपनीच्याच नावाचा माल वापरला नाही एवढ्या कारणावरून हमी नाकारण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-कंपन्यांना दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याच्या प्रथेवरही त्या निर्णयात बोट ठेवले होते. पुढे अपिले झाली. तथापि ज्याची हमी चालू आहे, त्याने तेलाची पावती जपून ठेवावी हे बरे.

टिळकवाडीच्या काकांची हमी केव्हाच संपली होती, त्यामुळे त्यांचा प्रश्न सोपा झाला. माहितीपुस्तकात 'डब्ल्यूएस' असे दोनच अक्षरांचे नाव होते. मुलाने कंपनीच्या विक्रीकेंद्रातून डबे आणले, बाजारातून नव्हे. कारण प्रसिद्ध नावांचे नकली डबेही बाजारात असतात आणि 'कंपनीचे' म्हणून घेतलेले तेल कंपनीचे नसण्याचा संभव राहतो. विक्रीकेंद्रातील माणूस मात्र म्हणाला, "हे तेल आजन्म टिकतं, बदलायची गरजच नाही." कोणाचा जन्म, हे त्याने सांगितले नाही. जर्मनीतील झेड-एफ ही कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते, आणि आपल्या गिअरबॉक्समधील तेल ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरांनी किंवा आठ वर्षांनी बदलावे असे सांगते. तीच यंत्रे घालून गाड्या विकणारे काही कारखानदार त्याच तेलाला आजन्म म्हणतात. तेल उष्णतेने सडते. तापमान दहा अंश वाढले की सडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भरलेली गाडी घेऊन चोर्ला घाट चढणाऱ्यास हा हिशेब लागू आहे.

गॅरेजवाला हट्टी नव्हता. त्याने डब्यांची सील मुलासमोर फोडली. खालचा बोल्ट काढल्यावर गिअरबॉक्समधील सारे तेल बाहेर येत नाही. निम्म्याच्या आसपास येते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडून राहते. त्यामुळे एकदा बदलून काही दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा बदलावे, असे त्यानेच सुचवले. तेलाची पातळी ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवूनच पाहावी लागते, हेही त्याला ठाऊक होते. थरथर पहिल्या बदलानंतर कमी झाली. चकत्या जळून गेल्या असत्या तर कोणत्याही डब्यातल्या तेलाने ती गेली नसती.

दुसऱ्या बदलाच्या दिवशी नोव्हेंबर संपत आला होता. काकांनी खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बैठक मांडली. घमेल्यात पडणारे तेल या खेपेस काळे नव्हते; फिकट तांबूस होते. त्यांनी खिशातील वहीत तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव लिहिले. गॅरेजवाल्याने वही मागून घेतली आणि ते नाव आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात उतरून ठेवले. कारण त्याच आठवड्यात आणखी एक इनोव्हा त्याच्याकडे यावयाची होती.